रिकाम्या कंडेन्सरला हात लावू नये

सकाळी सहाला दहा कमी असताना ती भिंतीवरचा फोन उचलायची. त्या फोनला ना डायल होती, ना बटणं. उचलला की बारा किलोमीटरवरच्या स्टुडिओत घंटा वाजायची आणि तिकडून निवेदक विचारायचा, "येतोय का आवाज?" ती म्हणायची, "येतोय." नियमाप्रमाणे बोलणं एवढ्यावरच संपायला हवं होतं. कामाच्या पुस्तकात त्याला 'लाइन तपासणी' म्हटलं होतं आणि तिला अर्धं मिनिट पुरे, असं छापलेलं होतं. पण या दोघांची तपासणी लांबत लांबत दहा मिनिटांवर गेली होती, आणि निवेदकाच्या सुट्ट्या सोडल्या तर चौदा वर्षांत तिच्यात खंड पडला नव्हता.

ती रेडिओच्या ट्रान्समीटरवर होती. वस्तीबाहेरच्या पाणथळ मैदानात एक उंच मनोरा, त्याच्या पायथ्याशी लांबट इमारत आणि इमारतीत खोलीभर यंत्र, एवढं तिचं राज्य. स्टुडिओतून तारेने आलेला आवाज त्या यंत्रात शिरायचा, तिथे अंगात बळ घ्यायचा आणि मनोऱ्यावरून चहूकडे जायचा. हाताखाली एकच माणूस, नाना वायरमन. वयाने तिच्याहून मोठा, पण तिला ताई म्हणायचा. तिला सगळेच ताई म्हणत. वरचे साहेब, पोस्टमन, मैदानातलं गवत कापायला येणारी बाई, सगळे. निवेदकही पहिली चार वर्षं ताईच म्हणायचा.

त्यांचं बोलणं सुरू झालं ते भांडणाने. ती नवीन होती तेव्हा एका सकाळी त्याने फोनवर जरा घुश्श्यातच विचारलं होतं, "ताई, काल माझ्या आवाजात कसली घरघर होती? लोकांना वाटलं, मला सर्दी झालीय."

"तुमच्या आवाजात नव्हती. माझ्या कंडेन्सरात होती."

"म्हणजे?"

"म्हणजे एक कंडेन्सर बाद झाला. आज बदलतेय. उद्या तुमची सर्दी बरी होईल."

तो इतका मोठ्याने हसला, की तिने रिसीव्हर कानापासून लांब धरला. दुसऱ्या दिवशी त्याने आवर्जून सांगितलं, सर्दी बरी आहे. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं. मग रोजचंच झालं. तो काल काय वाचलं ते सांगायचा. ती मनोऱ्यावर बसलेल्या पाखरांचं सांगायची. त्याची बायको गेल्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि मुलगी लांबच्या शहरात शिकत होती. इकडे हिने लग्न केलं नव्हतं. आधी वडिलांचं दुखणं, मग भावाचं जाणं, या सगळ्यात ते राहूनच गेलं होतं. आता घरी ती आणि वहिनी, दोघीच. वहिनीचं तोंड तिखट आणि मन लोण्याचं. "तुझा सकाळचा पेपर आला का?" असं ती संध्याकाळी डोळा बारीक करून विचारायची, म्हणजे आज निवेदकाने काय सांगितलं ते सांग.

पाचव्या वर्षी कधीतरी त्याने ताई म्हणायचं सोडलं. तिच्या लक्षात यायला आठवडा लागला. "ताई, येतोय का आवाज?" याचं नुसतं "येतोय का आवाज?" झालं होतं. ताईच्या जागी दुसरा शब्द काही आला नाही. तिनेही विचारलं नाही. मात्र त्या दिवशी घरी जाताना ती दोन थांबे पुढे उतरली आणि तेवढं उलट चालत आली. उशीर का झाला म्हणून वहिनीने विचारलं, तर म्हणाली, "पाय मोकळे केले."

ती त्याला काहीच म्हणत नसे. साहेब म्हटलं तर तो चिडवायचा, आणि नावाने हाक मारण्याची तिची प्राज्ञा नव्हती. दोघं समोरासमोर आली होती ती चौदा वर्षांत दोनदाच, दोन्ही वेळा कुणाच्या तरी निरोप समारंभात, गर्दीत. आवाजाच्या मानाने माणूस ठेंगणा होता आणि हसताना चष्मा सावरायचा, एवढंच तिने पाहून घेतलं होतं. तो माइकसमोर असताना तिला यंत्रासमोर असावंच लागायचं. त्याची सुट्टी असली, तरी तिची नसायची. आणि खरं सांगायचं तर, भेटून फोनवरचं बोलणं बिघडलं तर, ही धास्ती दोघांनाही होती.

मग एक पत्र आलं. मनोरा जुना झाला, यंत्र जुनं झालं, आता कार्यक्रम दुसऱ्या मार्गाने जातील. महिनाअखेर ट्रान्समीटर कायमचा बंद. तिची बदली भांडार विभागात. निवेदकाला निवृत्तीला चार महिने होते. साठलेली रजा घेऊन तो मुलीकडे जाणार होता. मुलीला बाळ झालं होतं आणि जावई कामानिमित्त सतत फिरतीवर.

पत्राचं दोघांनी एकमेकांना सकाळीच सांगितलं. त्या दिवशी तपासणी खरोखरच अर्ध्या मिनिटात आटपली.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "शेवटच्या आठवड्यात रोज पाच मिनिटं त्या यंत्राबद्दल बोलावं म्हणतो. लोकांनी चाळीस वर्षं ऐकलं, पण आवाज येतो कसा हे कुणाला ठाऊक आहे? तुम्ही या माइकवर."

"छे! माझी बोबडी वळेल."

"मग मला सांगा. मी माझ्या शब्दांत सांगतो."

तसं ती रोज थोडं थोडं सांगू लागली. चौथ्या दिवशी कंडेन्सरची पाळी आली. पुस्तकात त्याला धारित्र म्हणतात, पण यंत्रावर काम करणारा माणूस कंडेन्सरच म्हणतो. यंत्राच्या मागच्या बाजूला, जाळीच्या आड, तसे सहा होते. गुडघ्याएवढे पत्र्याचे डबे, डोक्यावर चिनीमातीची दोन दोन शिंगं.

"आत काय असतं?" त्याने विचारलं.

"धातूचे दोन पातळ पत्रे. मध्ये तेलात भिजवलेला कागद. सगळं गुंडाळून डब्यात बसवलेलं."

"आणि वीज त्या पत्र्यांत भरून ठेवतात."

"तिथेच सगळे फसतात," ती म्हणाली. आपल्या विषयावर आली की तिची बोबडी वगैरे काही वळत नसे. "वीज भरत नाहीच. एका पत्र्यावर जेवढी आली, तेवढीच दुसऱ्यावरून निघून गेली. बेरीज होती तेवढीच. पण आता इकडे जास्त आणि तिकडे कमी, म्हणून दोघांत ओढ लागते. कागद मध्ये आहे, पलीकडे जाता येत नाही. ती ओढ त्या कागदात भरून राहते. त्यालाच विद्युत क्षेत्र म्हणतात. शक्ती साठते ती त्यात."

"म्हणजे पत्रे नुसते धनी. माल सगळा मधल्या जागेत?"

"हो. अंतर जेवढं कमी, तेवढी साठवण जास्त. पण फार पातळ कागद घातला तर तो फाटतो, आणि मग ठो!"

"आणि माझ्या आवाजाशी याचा संबंध काय?"

"बाहेरून येणारी वीज धक्क्याधक्क्याने येते. धक्का आला की डबा ओढ साठवतो, धक्का ओसरला की परत देतो. त्यामुळे पुढे सपाट धार जाते. तो नसेल तर तुमच्याखाली सारखं घूं-घूं वाजत राहील."

"झाली होती ना एकदा. सर्दी."

"तीच."

त्या सकाळी रेडिओवर त्याने फार सुंदर सांगितलं आणि साफ चुकीचं सांगितलं. 'हे डबे विजेने काठोकाठ भरतात, घागरीसारखे.' ती यंत्रासमोर बसून कपाळाला हात लावून ऐकत होती. नाना म्हणाला, "ताई, घागर म्हटलं तर काय बिघडलं? लोकांना कळलं."

"चुकीचं कळलं ना!"

दुसऱ्या दिवशी सहाला दहा कमी असताना तिने त्याला असा झापला, की तो नुसता "हो, हो, कबूल" करत राहिला. मग कार्यक्रमात म्हणाला, "श्रोतेहो, काल मी घागर म्हणालो. आज सकाळी माझा कान धरण्यात आला. घागर नव्हे. भरलेलं असतं ते मधलं अंतर." आणि किंचित थांबून, "कान धरणाऱ्या व्यक्तीचे आभार मानायला माझ्याकडे अजून संबोधन नाही," असं म्हणून त्याने गाणं लावून दिलं.

नानाने खिडकीबाहेर बघण्याचं सोंग केलं. तिने उठून उगाचच तेलाचं तापमान बघितलं. ते रोजच्याएवढंच होतं.

शेवटच्या दिवशी फोनवर तो म्हणाला, "दहाला बंद करायचं. मग इथे हार-भाषणं आहेत. ती उरकली की मी तिकडे येतो. चारला माझी गाडी आहे. जाण्याआधी ते यंत्र एकदा बघायचंय."

"या की," ती म्हणाली. आणि तिला एकदम सुचलं, की चौदा वर्षांत हे आपण एकदाही म्हणालो नाही.

दहा वाजता त्याने निरोप घेतला. शेवटचा शब्द बाहेर गेला, क्षणभर नुसता श्वास ऐकू आला, आणि तिने एकेक करून कळा खाली ओढल्या. पंखे थांबले. इतकी वर्षं ज्या आवाजाच्या पोटात ती वावरली होती, तो गेला. नाना नाक ओढत म्हणाला, "कान बसल्यासारखे झाले, ताई."

पण रडायला वेळ नव्हता. बंद केलेलं यंत्रच जास्त वाईट. वीज तोडली तरी डब्यांतली ओढ तशीच असते. जाळीचं दार उघडून तिने लांब लाकडी दांडा घेतला. त्याच्या टोकाला पितळी आकडा होता आणि आकड्याची तार जमिनीत गेलेली. एकेका शिंगाला आकडा लावला, तसा कडाड्कन आवाज झाला. सहा डबे, सहा आवाज. मग प्रत्येकाच्या दोन शिंगांना जोडणारी तार तिने स्वतः करकचून आवळली. हे काम तिला शिकवणारा म्हातारा इंजिनियर म्हणायचा, "पोरी, कंडेन्सरला रिकामा म्हणायचं, मानायचं नाही." वर्षानुवर्षं ओढ सोसून मधला कागदही आतून पिळलेला असतो. डबा रिकामा केला तरी कागदाचा पीळ एकदम सुटत नाही. तो सावकाश सुटतो आणि दोन-तीन तासांनी शिंगांवर ओढ परत उभी राहते, कुणी वीज दिलेली नसताना. म्हणून ती तार. ती असली की कागद उलगडला तरी आलेली ओढ तिथल्या तिथे जिरते.

अकराला यंत्र उचलणाऱ्या ठेकेदाराची माणसं आली. त्यांचा मुकादम आडदांड आणि बोलायला गोड. "ताई, तुम्ही आता खुर्चीवर बसा. तोडायचं काम आमचं."

"तोडा. पण मागच्या डब्यांवरच्या तारा काढायच्या नाहीत. काही झालं तरी."

"तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

तिला कागदांवर सह्या करायच्या होत्या. पुढच्या खोलीत बसून सह्या करता करता तिचं लक्ष फाटकाकडे होतं. बारा वाजले. एक वाजला. हार-भाषणं लांबली असतील. की मुलीचा फोन आला असेल आणि तो परस्पर गेला असेल? तिने केस नीट केले, मग आपलं आपल्यालाच हसू येऊन थोडे विस्कटले. नाना म्हणाला, "येतील, ताई." तिने विचारलं, "कोण?" नाना म्हणाला, "कुणी का असेना."

पावणेदोनला फाटकाशी रिक्षा थांबली. तो उतरला. हातात एक बॅग, गळ्यात काढायचा विसरलेला हार. आता सगळे केस पांढरे होते. ती उठून दारापर्यंत आली आणि तिथेच खिळली. तो पायऱ्या चढून वर आला.

"हार," ती म्हणाली.

"अरे हो." त्याने घाईघाईने तो काढला. त्यात चष्मा अडकला. नानाने पुढे होऊन दोन्ही सोडवले.

"बघायचंय ना?" ती म्हणाली. तेवढ्यात पुढच्या खोलीतून मुकादमाने हाक मारली, एक सही राहिली होती. "तुम्ही चला, नाना दाखवतील. मी आलेच."

सही करून ती वळली आणि मागच्या दारातून तिला ओसरी दिसली. ठेकेदाराच्या माणसांनी सहाही डबे उचलून ओसरीवर ओळीने मांडले होते. नाना रिकाम्या जाळीकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता. निवेदक पहिल्या डब्यापाशी वाकला होता. इतके दिवस ऐकलेली वस्तू बघताना माणसाच्या चेहऱ्यावर जसं कौतुक असतं, तसं त्याच्या चेहऱ्यावर होतं. दोन्ही हात दोन शिंगांकडे चालले होते, बाळाचे कान धरायला जावेत तसे. आणि शिंगांवर तार नव्हती.

"अहो!"

ती ओरडली. बसमधल्या परक्या माणसालाही आपण अहो म्हणतो. भाजीवाल्याला म्हणतो, साहेबाला म्हणतो. पण हे अहो तसं नव्हतं. हे घरातलं होतं, वीस-पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईचं.

"अहो, हात लावू नका!"

तो जागीच थिजला. हात तसेच हवेत. ओसरीवरची सगळी माणसं थांबली. ती धावत गेली, कोपऱ्यातला दांडा उचलला, त्याच्या तारेचा चिमटा ओसरीवरून जमिनीत गेलेल्या तांब्याच्या पट्टीला लावला आणि आकडा एका शिंगावरून दुसऱ्यावर टेकवला. टच्‌ असा आवाज आला आणि बारीक निळी ठिणगी उडाली. दुसरा डबा. तिथेही टच्‌.

"तारा कुणी काढल्या?"

तिच्यामागोमाग आलेला मुकादम कानामागे खाजवत म्हणाला, "उचलताना आड येत होत्या. पण एवढीशी तर ठिणगी, ताई."

"एवढीशीच. एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडली असती, म्हणजे मग मोजली असती." "काळ्या दगडावरची रेघ म्हणे!"

मुकादमाने मुकाट्याने तारा आणल्या. तिने त्या स्वतः लावल्या. शेवटचा पेच नानाने आवळून दिला. निवेदक भिंतीला टेकून उभा होता. मग हळूच म्हणाला, "मी हाक ऐकली म्हणून थांबलो. हात लावू नका हे मला नंतर ऐकू आलं."

तिने आवळलेली तार पुन्हा एकदा आवळली.

नाना मोठा शहाणा माणूस. "चहा टाकतो," म्हणून तो ठेकेदाराच्या सगळ्या माणसांना घेऊन पुढच्या बाजूला गेला आणि चहा करायला त्याने पाऊण तास लावला.

ती दोघं ओसरीच्या पायरीवर बसली. मैदानातलं पाणी लखलखत होतं. तो म्हणाला, "मुलीला माझी गरज आहे. बाळ तीन महिन्यांचं आहे, आणि ती एकटी."

"माहितेय."

"नाहीतर मी..."

"वहिनीला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही," ती म्हणाली. "माझ्याशिवाय तिला कुणी नाही. भाऊ गेला तेव्हा ती माहेरी गेली असती, पण माझ्यासाठी थांबली."

"माहितेय," तो म्हणाला. हे सगळं दोघांनी एकमेकांना कितीतरी सकाळी सांगितलेलं होतं. तरीही पुन्हा सांगावंसं वाटलं. तो मग तिच्या हाताकडे बघत राहिला. त्या हातावर तेलाचा डाग होता. त्याने खिशातून रुमाल काढला, तिच्या हातात दिला. तिने डाग पुसला आणि रुमाल परत केला नाही. त्यानेही मागितला नाही.

तीनला तो निघाला. जाताना नानाला नमस्कार केला. तिच्याकडे बघून त्याने नुसती मान हलवली, आणि रिक्षा वळेपर्यंत तो मागे बघत राहिला.

भांडार विभागात तिला एक टेबल मिळालं. तिथे रबरी शिक्के होते आणि खिडकी नव्हती. सकाळी पाचला तिला जाग यायची आणि कुठेही जायचं नसायचं. ती अंथरुणात पडून राहायची. वहिनी पलीकडून म्हणायची, "झोप की." ती म्हणायची, "झोपलेच आहे."

निवेदक दर रविवारी मोबाइलवर फोन करायचा. पण बाळ रडायचं, आवाज मध्येच तुटायचा, दोघं एकाच वेळी बोलायची आणि एकाच वेळी थांबायची. दहा मिनिटं भरायची नाहीत. ठेवल्यावर तिला आठवायचं, की हे सांगायचं राहिलं, ते सांगायचं राहिलं. ते ती मग वहिनीला सांगायची.

चौथ्या महिन्यात वहिनीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. वहिनीने नणंदेकडे त्या डोळ्याने नीट पाहिलं आणि म्हणाली, "किती वाळलीस गं! मला दिसत नव्हतं म्हणून काय वाटेल ते करायचं? जाऊन ये तिकडे."

"कुठे?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. शेजारीण येईल दोन दिवस माझ्याकडे. मी बोललेय तिच्याशी."

सात तासांची बस. तो थांब्यावर उभा होता, कडेवर बाळ. बाळाने तिला पाहून भोकाड पसरलं. मुलीने दारात तिला वाकून नमस्कार केला, आत नेलं आणि खूप खायला घातलं. जाण्यायेण्याच्या मधल्या त्या दीड दिवसात दोघं एकटी अशी तासभरच होती, बागेतल्या बाकावर, आणि तिथेही बाळगाडी होतीच. तो म्हणाला, "राहाल इथे?" तिने बाळाचं दुपटं सारखं करत उत्तर दिलं, "वहिनीचा दुसरा डोळा राहिलाय." त्यावर तो म्हणाला, "बाळ दोन वर्षांचं झालं की मला तिकडे येता येईल." "दोन वर्षं," ती म्हणाली. तिने ते दोन वर्षं जास्त, अशा अर्थाने म्हटलं, की कमी, अशा अर्थाने, ते तिचं तिलाही कळलं नाही.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. तो खिडकीखाली उभा होता. बाळ आता हसत होतं आणि मूठ उघडझाप करत होतं. बस हलली, थांब्याच्या वळणावरून मोठ्या रस्त्याला लागली. तिने शेजारच्या जागेवर बॅग ठेवली. थोड्या वेळाने ती उचलून मांडीवर घेतली. पुढच्या थांब्यावर कुणी चढलं नाही, त्याच्या पुढच्यावरही नाही. तरी तिने ती जागा घरापर्यंत तशीच मोकळी ठेवली.